पाळी जाताना: पिशवी काढायची घाई करू नकोस

तू लिहिलंस की तुझं वय ४७. वर्षभर पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी अडीच महिन्यांनी. रात्री दरदरून घाम येऊन जाग येते, मग झोप लागत नाही, दिवसभर थकवा, धडधड, चिडचिड. गेल्या दोन पाळ्यांना गाठी पडून इतकं अंगावर गेलं की शाळेत शिकवायला जाता आलं नाही. सासूबाई म्हणतात सगळ्यांनाच होतं, डॉक्टर म्हणाले मुलं झालीत तर पिशवी काढून टाकू, आणि हार्मोनच्या औषधांनी कॅन्सर होईल अशी तुला भीती वाटते. मी ५८ वर्षांची आहे, यातून गेले आहे आणि ओळखीतल्या बऱ्याच बायकांबरोबर दवाखान्यात जाऊन बसले आहे. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगू शकते.

आधी पिशवीबद्दल, कारण तिथे मागे फिरता येत नाही.

पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम खूप रक्त जातं. या वयात जास्त जाण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. पण फायब्रॉइडची गाठ, पॉलिप, थायरॉइड, क्वचित अस्तराचा कॅन्सर, हेही असू शकतं. त्यामुळे न तपासता 'वयाचंच आहे' म्हणून गप्प बसणं मला मान्य नाही, आणि न तपासता ऑपरेशनची तारीख ठरवणं तर अजिबात नाही. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइडची तपासणी आणि तुझ्या वयात अस्तराची बायॉप्सी (बारीक तुकडा काढून तपासणं), यातलं काय झालंय ते पाहा. तू लिहिलंस त्यावरून फक्त सोनोग्राफी झाली आहे असं दिसतं.

तपासण्यांमध्ये गंभीर काही निघालं नाही, तर औषधांना वाव असतो. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या असतात, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचे कोर्स असतात. शिवाय तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन मिळतं. ते काही वर्षं चालतं आणि त्याने रक्त जाणं खूपच कमी होतं. ऑपरेशन टळलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. फायब्रॉइडच्या मोठ्या गाठी, कॅन्सर किंवा सगळे उपाय करून न थांबणारा रक्तस्राव असेल तर पिशवी काढावी लागते, आणि तेव्हा घाबरून टाळूही नये. पण तेव्हाही एक प्रश्न नक्की विचार: ओव्हरीज, म्हणजे बीज तयार करणारी अंडाशयं, ठेवणार की काढणार? दोन्ही ओव्हरीज काढल्या तर इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम खूप कमी होतं आणि त्रास जास्त तीव्र होतो. ठेवल्या तरी त्यांचं काम थांबण्याचा काळ थोडा अलीकडे येऊ शकतो.

हे एवढं लांबवण्याचं कारण आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी जवळजवळ १४ हजार जणींचं हे ऑपरेशन झालेलं निघालं. त्यात कितीतरी बायका तिशी-चाळिशीच्या. पाळीमुळे काम बुडालं की मजुरी जाते, त्यात कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते, आणि बाई तयार होते. नंतर सांधेदुखी, घाम, अशक्तपणा घेऊन तीच बाई पुन्हा कोयता हातात घेते. तुझी परिस्थिती वेगळी आहे, पण 'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम' हे वाक्य तेच आहे. तेवढं कारण ऑपरेशनला पुरत नाही. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घे, पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल याचा विचार करू नकोस.

आता घाम आणि वाफा, म्हणजे अंगातून एकदम उष्णता उसळणं. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी त्याला खूप उष्णता झाल्यासारखं वाटतं, मग त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा-छाती लाल होते, घाम फुटतो आणि मागोमाग थंडी वाजते. हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. सहा महिन्यांत जाईल म्हणून कळ काढत बसण्यातही अर्थ नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्या बायकांना हा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त राहिला. सासूबाईंचं बरंचसं खरं आहे, बहुतेकींना होतं. पण बहुतेकींना होतं म्हणून त्यावर उपचार घ्यायचा नाही, असं कुठे आहे? त्यांच्या वेळी कोणी विचारलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हार्मोनची भीती आली ती २००२ मध्ये. अमेरिकेत एका मोठ्या चाचणीचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध एकत्र दिलेला भाग थांबवला गेला आणि जगभर कितीतरी बायकांच्या गोळ्या बंद झाल्या. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलं ते वर्षाला दहा हजार बायकांमागे सुमारे आठने. पिशवी काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात ते वाढलं नाही. आज तज्ज्ञांचं मत असं आहे की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, बाकी तब्येत चांगली असलेल्या आणि खरोखर त्रास होणाऱ्या बाईला फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढतं. त्वचेला लावायचं जेलही मिळतं. गोळीमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा जो धोका वाढतो, तो त्याने तसा वाढत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे उपचार सहसा देत नाहीत. तुझा रक्तस्राव म्हणूनच आधी तपासायला हवा, घामाचं त्यानंतर.

हार्मोन नकोच असतील तर व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन कमी डोसमध्ये देतात, त्याने वाफा कमी होतात. वर्तनोपचाराने (तज्ज्ञाशी बोलून विचार आणि सवयी बदलण्याने) झोप आणि घालमेल सुधारते. शतावरी, सोया वगैरे घेणाऱ्या खूप आहेत. कोणाला बरं वाटतं, कोणाला नाही, पुरावा कच्चा आहे. घेत असशील तर डॉक्टरांना सांग.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, बहुतेकजणी लिहीत नाहीत. पुढे कधी योनीमार्ग कोरडा पडून आग होईल, संबंधाच्या वेळी दुखेल, लघवीला वारंवार जावं लागेल किंवा सारखं इन्फेक्शन होईल. घाम कालांतराने कमी होतो, हे मात्र उपचाराशिवाय वाढत जातं. त्यावर आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. त्यातलं औषध रक्तात फारच थोडं जातं. नवऱ्याशीही मोकळेपणाने बोल. दुखत असताना गप्प राहण्याने नातं टिकत नाही, दुरावतं. आणि गर्भनिरोधन एवढ्यात सोडू नकोस. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं काळजी घ्यावी लागते.

हाडांचं थोडक्यात. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत ती सगळ्यात वेगाने झिजतात. दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधात साधारण तीनशे आणि नाचणीच्या एका भाकरीत दीडशेच्या आसपास मिळतं, वर तीळ, दही, पालेभाजी. ड जीवनसत्त्व तपासून घे. नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंना ओझं लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस कर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचल.

वर्षभर पाळी आली नाही आणि मग नुसता डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. पाळी परत आली असं समजून वाट पाहायची नाही.

या आठवड्यात गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, किती पॅड लागले, गाठी किती, हे कागदावर लिहून काढ आणि हिमोग्लोबिन करून घे. तुझा थकवा, धडधड, चिडचिड यातलं बरंचसं रक्त कमी असल्यामुळेही असू शकतं. आकडा बाराच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांबद्दल विचार, आणि त्या चहाबरोबर घेऊ नकोस. रिपोर्ट आला की इथे लिही, मग दुसऱ्या डॉक्टरांना काय काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.