पेला आणि प्रश्न : उन्हाळ्यात पांढरी वाइन कोणती घ्यावी?

एप्रिल लागला की या सदराच्या टपालात लाल वाइनचे प्रश्न जवळपास थांबतात आणि पांढरीचे सुरू होतात. या वेळचे बहुतेक प्रश्न खिशाचे आणि उकाड्याचे आहेत. मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत वाढले, पुढे वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. त्यामुळे माझी उत्तरं नाशिककडे झुकलेली वाटतील आणि ती तशी आहेतच. पण कुठलीही पांढरी वाइन घ्या, किमतीच्या आधी बाटलीवरचं वर्ष बघा. आज मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

हजार रुपयांच्या आसपास, घरी पाहुणे आले की उघडता येईल अशी पांढरी वाइन कोणती? दुकानदार दर वेळी महागडी परदेशी बाटली पुढे करतो. (एक वाचक, डोंबिवली)

दादा, नाशिकची शेनिन ब्लाँ मागा, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. परदेशी बाटलीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्क्यांच्या घरात सीमाशुल्क लागत आलं आहे. त्यावर राज्याचे कर, जहाजाचं भाडं, वितरकाचा नफा. दोन हजारांना मिळणारी बाटली तिच्या गावात अगदी साधी, रोजच्या जेवणातली वाइन असते. याउलट महाराष्ट्रात २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि इथे तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळाली. म्हणून आपल्या मातीतल्या बाटलीवर खर्च केलेल्या रुपयातला जास्त हिस्सा खरोखर द्राक्षावर खर्च होतो.

शेनिन मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली. दक्षिण आफ्रिकेत तर तिची लागवड फ्रान्सहूनही जास्त आहे. आपल्याकडे नारायणगावला ऐंशीच्या दशकातच फसफसणारी वाइन तयार होत होती. नाशिकला शेनिन आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ या जाती रुजल्या त्या नव्वदीच्या अखेरीस सुला वायनरीच्या राजीव सामंतांनी लावलेल्या बागांपासून. त्यांची पहिली बाटली २००० साली बाजारात आली. सुलाची शेनिन किंचित गोडसर आहे, पहिल्यांदा वाइन पिणाऱ्या पाहुण्यांना ती हमखास आवडते. गंगापूर धरणाजवळ गंगावऱ्हेला यॉर्क आणि सोमा या वायनऱ्या आहेत, निफाडकडे रेव्हिलो आहे, सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेली आहे. सगळ्यांच्या शेनिन मिळतात. भाव दुकानागणिक बदलतात, पण तुमच्या बजेटमध्ये यातली एखादी नक्की बसेल.

गोडवा अजिबात नको असेल तर सॉव्हिन्यॉन ब्लाँ घ्या. तिला पपनसाचा, कच्च्या पेरूचा आणि ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवा वास असतो. ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शार्दोने या द्राक्षाची वाइन मात्र मे महिन्यात राहू द्या. ती जड लागते आणि पिंपाचा खर्च तिच्या किमतीत असतोच.

नातेवाइकांनी तीन वर्षांपूर्वीची शेनिन भेट दिली. रंग गडद सोनेरी झाला आहे. जुनी वाइन चांगली म्हणतात, मग आणखी ठेवू का? (एक वाचक, नागपूर)

ठेवू नका, आजच उघडा. वास फोडलेल्या, काळपटलेल्या सफरचंदासारखा आला तर टाकून द्या. मुरल्यावर खुलणाऱ्या वाइन असतात, शेनिनमध्येसुद्धा असतात. लुआरमधल्या व्हूव्रे गावची उत्तम बाटली दशकानुदशकं टिकते. पण ती त्यासाठीच बनवलेली असते आणि थंड तळघरात पडून असते. आपल्या परवडणाऱ्या पांढऱ्या वाइनचं वय कोथिंबिरीच्या जुडीसारखं मोजावं.

याचं कारण बागेपासून सांगते. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. त्यानंतर घड धरतात ते थंडीत. दिवसा ऊन खाऊन मण्यांत साखर भरते. रात्री पारा उतरला की मण्यातलं आम्ल टिकून राहतं. निफाडला काही वर्षी थंडी इतकी पडते की बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. खायच्या द्राक्षाला ती थंडी त्रासाची, पण वाइनच्या द्राक्षातला आंबटपणा तिनेच राखला जातो. शेनिन आणि सॉव्हिन्यॉन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत तोडतात, तेही पहाटे, घड गार असताना. रस स्टीलच्या टाकीत पंधरा अंशांच्या आसपास ठेवून हळूहळू आंबवतात. टाकी तापली तर फळाचे वास उडून जातात आणि ते परत आणता येत नाहीत. प्रयोगशाळेत असताना या हंगामात सकाळी पहिलं काम टाक्यांची तापमानं बघण्याचं असायचं. त्यानंतर कुठे चहा.

आता विचार करा. एवढी जपलेली वाइन ट्रकमधून नागपूरला येते आणि दुकानात काचेच्या दारामागे, पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, दोन उन्हाळे उभी राहते. सगळी मेहनत तिथे वाया जाते. म्हणून बाटली हातात घेतली की पुढच्या लेबलवर द्राक्षाच्या हंगामाचं वर्ष बघा, मागे बॅच नंबरजवळ महिना बघा. याच वर्षीची मिळाली तर उत्तम. बाटल्या लवकर भरणाऱ्या वायनऱ्यांची नवी पांढरी वाइन ऐन उन्हाळ्यात दुकानात येऊ लागते. मागच्या वर्षीची चालेल. त्याहून जुनी असेल तर सवलतीतही घेऊ नका. एसी असलेलं, माल भराभर खपणारं दुकान शोधा. खिडकीत मांडलेली बाटली नको. उन्हाच्या प्रकाशानेही वाइन बिघडते, पारदर्शक काचेतली तर लवकरच. फिरकीचं झाकण बघून तोंड वाकडं करू नका. ताज्या पांढऱ्या वाइनला ते बुचापेक्षा बरं.

वाइन किती थंड करायची? घाई असेल तर फ्रीजर चालतो का? आणि बर्फ टाकला तर? (एक वाचक, सोलापूर)

आठ ते दहा अंश. घरचा फ्रीज चार अंशांच्या आसपास असतो, म्हणून बाटली दोन-तीन तास आत ठेवा आणि ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. अतिथंड वाइनला वासच राहत नाही. कोमट झाली की मद्याचा भपका पुढे येतो आणि गोडसर वाइन चिकट लागते. सोलापूरच्या मे महिन्यात पेला पाच मिनिटांतच तापतो, तेव्हा अर्धाच पेला भरा आणि बाटली परत गारव्यात ठेवा.

फ्रीजरमध्ये बाटली विसरली जाते आणि वाइन गोठून फुगली की बूच बाहेर येतं किंवा काच तडकते. त्यापेक्षा खोल पातेल्यात बर्फ, त्यात बाटलीच्या गळ्यापर्यंत पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला. मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली उतरतं. वीस मिनिटांत बाटली तयार. नुसत्या बर्फात एवढा वेग येत नाही, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवाच जास्त असते.

पेल्यात बर्फ टाकला तर कुणाचा अपमान होत नाही, पण चव पातळ होते. बराच वेळ पीत बसायचं असेल तर सरळ अर्धी वाइन, अर्धा थंडगार सोडा आणि लिंबाची चकती असं करा. मद्य निम्म्यावर येतं आणि चव मात्र जागेवर राहते. सोडा घालण्यासाठी सर्वांत स्वस्त, पण ताजी शेनिन वापरा.

आमच्याकडे मासे आणि तिखट जेवण. सोबत पांढरी वाइन कशी लागेल? आमरसाच्या जेवणात ठेवू का? (एक वाचक, रत्नागिरी)

ताई, मासे म्हटलं की मला सॉव्हिन्यॉन आणि रव्यात तळलेले बोंबील आठवतात. माशावर आपण लिंबू पिळतो, तेच काम वाइनमधला आंबटपणा करतो. तेलकटपणा कापला जातो आणि पुढचा घास हवासा वाटतो. कोळंबी, तिसऱ्यांचे शिंपले, कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा, सगळ्यांना हाच नियम.

तिखटाचं गणित वेगळं आहे. मिरची आणि मद्य, दोन्ही जिभेवरच्या एकाच जळजळीला डिवचतात. म्हणून झणझणीत कालवणासोबत कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, जास्त मद्याची वाइन घेतली तर तोंड पेटतं. तिथे किंचित गोडसर शेनिन चांगली थंड करून द्या. नारळाच्या दुधातलं, कोकमाचं माशाचं कालवण असेल तर तिच्याइतकी जोड दुसरी नाही. सोलकढी मात्र वेगळ्या वेळी प्या; दोन आंबट पेयं एकमेकांची चव मारतात.

आमरसासोबत वाइन नको. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन एकदम आंबट आणि रिकामी लागते. हापूसचा रस तर कितीतरी गोड. वाइन आधी, तळणीसोबत संपवा. नंतर रस मनमुराद खा.

माझी तासगावला थॉमसनची बाग आहे. बाजार पडला की माल मातीमोल जातो. याच द्राक्षाची पांढरी वाइन का होत नाही? (एक बागायतदार, सांगली जिल्हा)

तुमचा प्रश्न मला घरचा वाटला. बाजार पडल्यावरचे चेहरे मी आमच्या अंगणात पाहिले आहेत. उत्तर मात्र कडू आहे. थॉमसन सीडलेस खाण्यासाठी वाढवलेली जात आहे. आपण संजीवक देऊन मणी फुगवतो, विरळणी करतो, माल देखणा आणि पाणीदार व्हावा म्हणून झटतो. वाइनला नेमकं उलट लागतं. मणी लहान, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त, आंबटपणा टिकलेला आणि जातीचा स्वतःचा वास हवा. थॉमसनला वास जवळपास नाही. तिची वाइन होते, पण ती पिऊन माणूस दुसरी बाटली मागत नाही.

पडलेल्या बाजारावर तिचा उपाय बेदाणा, आणि त्यात तासगाव आधीच पुढे आहे. वाइनकडे यायचं असेल तर जात बदलावी लागेल. त्याआधी वायनरीशी लेखी करार करा. दर, साखरेची आणि आंबटपणाची अट, माल नाकारण्याचे नियम, सगळं कागदावर हवं. करार हातात आल्याशिवाय एकही काडी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. आणि परवान्याशिवाय घरी वाइन करून विकणं गुन्हा आहे, तो मार्ग नकोच.

पांढरी वाइन प्रकृतीला थंड असते का? उन्हातून आल्यावर घेतलेली चालेल? (एक वाचक, पुणे)

नाही. पेला गार असतो, परिणाम गार नसतो. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, लघवी जास्त होते आणि शरीरातलं पाणी घटतं. उन्हातून आल्यावर आधी पाणी, ताक किंवा पन्हं. वाइन संध्याकाळी, जेवणासोबत, आणि प्रत्येक पेल्यामागे पाण्याचा एक पेला. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या दीडशे मिलीत सुमारे पंधरा ग्रॅम मद्य असतं, हे थंडगार चवीमुळे लक्षात राहत नाही. गरोदरपणात, यकृताचा त्रास असताना, गाडी चालवायची असताना एक घोटही नको. औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. जे पीत नाहीत त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून सुरू करू नये.

आम्ही फ्रँकफर्टला राहतो. इथे नाशिकची वाइन शोधत बसावी का? (एक वाचक, जर्मनी)

मुळीच नको. तुमच्या दाराशी ऱ्हाइनगाऊ हा द्राक्षबागांचा प्रदेश आहे. लेबलवर ट्रोकेन (म्हणजे कोरडी) लिहिलेली, मागच्या वर्षीची रीसलिंग या द्राक्षाची पांढरी वाइन घ्या. तिकडे बरेच द्राक्ष उत्पादक आपली साधी वाइन लिटरच्या बाटलीत विकतात. ती स्वस्त असते आणि मनापासून केलेली असते. आई-बाबा तिकडे आले की त्यांना सोडा घातलेली वाइन द्या, जर्मन लोक उन्हाळाभर तेच पितात. इडली-चटणीपासून पोह्यांपर्यंत रीसलिंग सगळ्यांशी जमवून घेते. बदल हवा असेल तर पोर्तुगालची व्हिन्यू व्हेर्द बघा. हलकी, कमी मद्याची, किंचित बुडबुड्यांची.

दोघांत बाटली संपत नाही. उरलेली किती दिवस टिकते? (एक वाचक, ठाणे)

झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. दोन दिवस छान राहते, तिसऱ्या दिवशी वास मंदावतो. बाटलीत जितकी हवा जास्त तितकी ती लवकर उतरते, म्हणून उरलेली वाइन छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, आणखी दोन दिवस मिळतील. ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्याही काही वायनऱ्या काढतात, दुकानात विचारून बघा. चौथ्या दिवसानंतर तिच्यात तिसऱ्यांचे शिंपले शिजवा. थोड्या तेलावर ठेचलेला लसूण आणि एक हिरवी मिरची परता, धुतलेल्या तिसऱ्या घाला, अर्धा पेला वाइन ओता आणि झाकण ठेवा. शिंपले उघडले की गॅस बंद करून कोथिंबीर भुरभुरा. मीठ चाखूनच घाला, तिसऱ्यांच्या पाण्यात ते आधीच असतं.