नववीतला मुलगा गप्प झाला असेल, तर सुरुवात कुठून करावी

ताई, तुमचा नववीतला मुलगा गप्प झाला आहे, काय करावे, असे तुम्ही विचारलेत. माझ्या दोन्ही मुली सांगलीतच या वयातून गेल्या, म्हणून सुरुवातीला उपयोगी पडेल तेवढेच सांगतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऐकून घेणे. मूल बोलू लागले की आपण लगेच उपाय सुचवतो किंवा ‘आमच्या वेळी’ सुरू करतो, आणि तिथेच ते मिटते. माझी थोरली समोर बसून कधीच बोलली नाही. स्कूटरवर मागे बसून आयर्विन पुलावरून येताना मात्र, माझा चेहरा दिसत नसल्यामुळे असेल, वर्गात आपल्याशी कोणी बोलत नाही, हे तिने सांगितले. मी ‘मग?’ एवढेच विचारले आणि गाडी हळू केली.

पाहुण्यांसमोर गुणांची चर्चा टाळा. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. तेव्हा रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवावा, आपलाही.

खाणे, झोप किंवा मित्रांशी वागणे यांतील बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानावर आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि त्याला एकटे सोडू नका.