पावसाळ्यात पहिल्यांदाच सॅक घेऊन दोन दिवस जंगलात राहायचं आहे, मुंबईपासून जवळ, धबधबे हवेत. कुठे जाऊ?

खांडसहून भीमाशंकर. मी बदलापूरला राहतो, सकाळची कर्जत लोकल पकडली की दुपारी जंगलात असतो. कर्जतहून कशेळेमार्गे खांडस. गावापुढच्या पुलाजवळ वाट फुटते, डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. पहिल्यांदा जाताय तर मुकाट्याने उजवीकडे वळा. शिडी घाट लवकर वर नेतो, पण पावसात त्या लोखंडी शिड्यांवरून पाणी वाहतं आणि पाठीवरची सॅक नेमकी तिथेच मागे ओढते. आम्ही एकदा हौसेने गेलो होतो. दुसऱ्या शिडीवर माझे पाय जे लटलटायला लागले ते पदरवाडीत चहा पोटात गेल्यावरच थांबले.

गणेश घाट लांबचा आहे, पण वाट पदरगडाला वळसा घालत जाते आणि समोरच्या कड्यावरून इतके धबधबे पडत असतात की मोजायचा नाद सोडून द्यावा लागतो. दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर भेटतात. गावात आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते. शेवटचा चढ दाट रानातून आहे. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. हे १९८५ सालचं अभयारण्य शेकरूसाठी प्रसिद्ध, पण पावसात शेकरू दिसेलच अशी आशा धरू नका. झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं.

मला या चढाची एक गंमत वाटते. माथ्यापलीकडे पडलेलं पाणी भीमेतून पार बंगालच्या उपसागराला जातं, आणि आपण ज्या धबधब्यांखाली भिजलो ते उल्हास नदीतून माझ्या बदलापूरवरून वाहत जातं.

मुक्काम वर देवस्थानाजवळ करा, खोल्या मिळतात. श्रावणी सोमवार मात्र टाळा, पाय ठेवायला जागा नसते. तंबू नेऊ नका, उगाच ओझं. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालून त्यात सामान भरा. मी एक रात्र ओल्या चादरीत काढली आहे. ओढा गढूळ झाला, पाणी चढायला लागलं तर ओलांडू नका, अलीकडेच थांबा. आणि निघण्याआधी कशेळ्यात चौकशी करा, मुसळधार पावसात प्रशासन कधी कधी या वाटा बंद ठेवतं.