हनिमून आहे की एनसीसीचा कॅम्प?

ताई, फेब्रुवारीत आमचं लग्न झालं. आहेराचे आणि दोघांच्या बचतीचे मिळून साडेतीन लाख आहेत. तेवढ्यात सप्टेंबरअखेरीस बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग असं आपलं आपण फिरावं, असं मला वाटतं. नवऱ्याला स्वित्झर्लंडच हवं. तीन लाखांचं पर्सनल लोन काढू म्हणतो. ‘सगळे मित्र बर्फात उभे राहून आले, मी बुडापेस्टचे फोटो कुणाला दाखवू?’ मी अकरा दिवसांत सहा शहरांचा तक्ता केला, रात्रीच्या बस आणि डॉर्मिटरीतल्या खाटा धरून. तो बघून म्हणाला, ‘हा हनिमून आहे की एनसीसीचा कॅम्प?’ माझ्या बाबांनी माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज सात वर्षं फेडलं. कर्ज म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. त्यात सासूबाई म्हणतात, आधी पासपोर्टवर नवं नाव लाव.
– एक वाचक, नाशिक

अगं पोरी,

कर्जाच्या बाबतीत तुझं बरोबर, एनसीसीच्या बाबतीत त्याचं.

तीन लाख, तीन वर्षं, बारा-तेरा टक्के व्याज धर. महिन्याला दहा हजारांचा हप्ता आणि वर साठेक हजार व्याज. पहिला दिवाळसण होईल, दुसरी दिवाळी येईल, तिसरीही जाईल, हप्ता आपला चालूच. शिवाय व्हिसाच्या अर्जाला बँकेचं स्टेटमेंट जोडावं लागतं. त्यात परवाच जमा झालेली मोठी रक्कम दिसली, तर ती कुठून आली असं विचारू शकतात.

पण हे गणित त्यालाही येतं. त्याला ठाऊक नाही ती बाबांची सात वर्षं. तू ती मला लिहिलीस आणि त्याच्यापासून लपवलीस, म्हणून तो समजतोय की बायको चिकट आहे. एकदा जेवणं झाल्यावर, तो तक्ता बंद करून, सांग त्याला. आणि त्याचंही ऐक. मित्रांच्या फोटोंपुढे आपण कमी पडू, हे त्याला खुपतंय. हसण्यासारखं आहे, पण खोटं नाही.

आता डॉर्मिटरी. माझी भाची लग्नानंतर अशीच निघाली होती, एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचवायचं म्हणून रात्रीच्या बसने. पहाटे साडेचारला बस पोचली आणि खोली मिळणार होती दुपारी दोनला. दोघं स्टेशनच्या बाकावर, पायाशी बॅगा, मध्ये एकच कोमट कॉफी. त्या साडेनऊ तासांत त्यांनी रुखवतापासून मानपानापर्यंत सगळी भांडणं उरकली. अगं, काटकसर देश निवडताना कर, खाट निवडताना नको! स्वतःचं बाथरूम असलेली साधी खोली घे, ट्राम जवळ असली म्हणजे झालं.

शहरंही सहा नकोत, तीन पुरेत: बुडापेस्टला चार रात्री, व्हिएन्नाला तीन, साल्झबुर्गला तीन. प्राग सोडलं म्हणून माझ्यावर रागावू नकोस, ते पुढच्या वेळी. ही तिन्ही शहरं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. बुडापेस्टहून व्हिएन्ना पावणेतीन तासांच्या आत, तिथून साल्झबुर्ग अडीच तास. तिकिटं आधी काढली तर खूपच स्वस्त पडतात. साल्झबुर्ग खास तुझ्या नवऱ्यासाठी. आल्प्स काही स्वित्झर्लंडच्या हद्दीवर संपत नाहीत, ऑस्ट्रियाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग त्यांनीच व्यापलाय. गावातून २५ नंबरची बस पकडायची, पायथ्याशी उतरायचं, केबल कारने उंटर्सबर्ग डोंगरावर जायचं. शहराचं साल्झबुर्ग कार्ड घेतलंत तर त्यात ही फेरी आणि किल्ल्यावर जाणारी छोटी रेल्वेही येते. सप्टेंबरात बर्फ मिळेलच असं नाही, हे त्याला आधीच सांग. परतीचं विमान व्हिएन्नाहूनच घ्या. जर्मनीतलं म्युनिक जवळ म्हणून मोह होईल, पण तेव्हा तिथे ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे बिअरची मोठी जत्रा असते आणि खोल्यांचे दर आभाळाला भिडलेले असतात.

बुडापेस्टमध्ये फोटोंचा प्रश्नच येणार नाही. अंधार पडला की नदीच्या बुडा बाजूला, बात्यानी चौकाजवळच्या काठावर जाऊन उभे राहा. समोर दिव्यांनी उजळलेली संसद आणि खाली डॅन्यूबमध्ये तिचं सोनेरी प्रतिबिंब. तिकीट शून्य. १९१३ साली उघडलेल्या सेचेनी स्नानगृहाला मात्र पैसे मोजा. पिवळ्या राजवाड्यासारखी इमारत आणि मधल्या अंगणात उघड्यावर गरम पाण्याचे तलाव. टॉवेल आणि स्लिपर घरूनच न्या. भूक लागली की लांगोश खा. आपल्या भटुऱ्याच्या जातीचा, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघांत पुरतो. मेट्रोचं कागदी तिकीट असेल तर ते आठवणीने यंत्रात पंच करा, तिथले तपासनीस नवपरिणितांना सूट देत नाहीत.

व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. ऑपेराला उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं असतात. एक अंक बघून पाय दुखले तर खुशाल बाहेर पडा. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून पाव, दही, फळं शनिवारीच आणून ठेवा. आणि कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत पैसे घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा, दर वाईट लावतात. हंगेरीत फोरिंट, ऑस्ट्रियात युरो.

तुमच्या ऑस्ट्रियात सहा रात्री आणि हंगेरीत चार, म्हणून शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा. जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे, आधी कुठे उतरता त्यावर नाही. फी माणशी ९० युरो. युरो शंभराच्या आसपास धरला तर दोघांचे अठरा हजार, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा आत्ताच तारीख बघायला लाग.

सासूबाईंचं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं, असा कायदा नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट तिन्हीकडे एकच नाव पाहिजे, ते माहेरचं असलं तरी चालतं. आत्ता बदलायला गेलीस तर नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत अर्ज अडेल. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र सोबत ठेव. आणि हे सासूबाईंना तू समजावू नकोस, त्यांच्या मुलाला सांगू दे. बर्फाऐवजी त्याला एवढं काम दे.

निघताना त्या पेढे आणि तुपाची बरणी पुढे करतील. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. शेंगदाण्याची चटणी न्या, पेढे आल्यावर खा.

– तुझी ताई