आणखी एक कोर्स केला की मग अर्ज करते

अमेरिकेत आयसीयूत काम करणाऱ्या मराठी नर्सेस माझ्याकडे ऑनलाइन समुपदेशनासाठी येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकते आहे: "ताई, सीआरएनएच्या ॲडमिशनसाठी तयारीचा कोर्स लावू का? त्याशिवाय नंबर लागत नाही म्हणतात."

सीआरएनए म्हणजे भूल देण्याचं उच्च शिक्षण घेतलेली नर्स. आपल्याकडे भूल डॉक्टर देतात, त्यामुळे लेक नेमकी कशाच्या मागे लागली आहे हे इथल्या आईवडिलांना उमगत नाही. तिकडे हे मानाचं आणि चांगल्या पगाराचं काम आहे. २०२२ पासून या शिक्षणात प्रवेश घेणाऱ्यांसाठी डॉक्टरेटच सक्तीची झाली: किमान तीन वर्षं, पूर्णवेळ. नोकरी बहुधा सोडावी लागते. जागा थोड्या आणि धडपडणाऱ्या पुष्कळ, म्हणून निबंध तपासून देणारे, इंटरव्ह्यूचा सराव घेणारे, औषधांची उजळणी करून घेणारे कोर्सेस निघाले आहेत.

यातल्याच एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. बीएस्सी नर्सिंग सांगलीकडे, आता टेक्सासमध्ये मेडिकल आयसीयूत. दोन कोर्स झाले होते, एक इंटरव्ह्यू फसला होता आणि तिसऱ्या कोर्सचे पैसे भरायच्या बेतात होती.

"तिसऱ्यात काय मिळेल?" मी विचारलं.

"खात्री."

हा शब्द ऐकला की मी थांबते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. प्रसंग माणसाला जेवढा घाबरवतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाकडून धरलेला हट्ट घाबरवतो. तिची भीती इंटरव्ह्यूची असेल, पण तिला छळत होता तो 'एकही उत्तर चुकता कामा नये' हा हट्ट. कोर्स लावला की अर्ज पुढे ढकलता येतो, भीती तेवढ्यापुरती निवते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढते.

फसलेल्या इंटरव्ह्यूत तिला मिलरिनोन हे औषध कसं काम करतं, असं विचारलं होतं. नॉरएपिनेफ्रिन, व्हॅसोप्रेसिन ही रक्तदाब वाढवणारी औषधं तिच्या रोजच्या हातातली. मिलरिनोन हृदयरुग्णांच्या आयसीयूतलं, तिने क्वचितच लावलेलं. ते बीटा रिसेप्टरवर काम करतं, असं तिने ठोकून दिलं. तसं ते करत नाही. समोरच्याने आणखी एक प्रश्न विचारला, तर ही आणखी पुढे बोलत गेली.

"रात्री दोन वाजता वॉर्डात न माहितीचं औषध आलं, तर काय करतेस?"

"फार्मसीला फोन करते. चार्ज नर्सला विचारते. विचारल्याशिवाय हातच लावत नाही."

"तेव्हा लाज वाटते?"

"छे! तिथे समोर पेशंट असतो."

"आणि इंटरव्ह्यूत?"

बराच वेळ ती बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मी मेहनतीने शिकले आहे, आणि ते जमतं याचं मला समाधान आहे. शेवटी ती म्हणाली, "तिथे समोर मीच असते."

मग शिकतानाचे दिवस निघाले. राउंडला सिस्टरांसमोर 'माहीत नाही' म्हटलं की सगळ्यांदेखत बोलणी बसत. काहीतरी बोलून वेळ मारून नेणारी सुटायची. ती सुटायला शिकली होती. मला त्या क्षणी दिसलं ते असं: भूल देणाऱ्या माणसाने माहीत नसताना माहीत असल्यासारखं वागणं, हाच तर समोरच्यांना सर्वांत मोठा धोका वाटणार. तिच्या अज्ञानापेक्षा तिची झाकाझाक त्यांना खटकली असणार. आम्ही पुढची सत्रं एकाच वाक्यावर घालवली: "हे मला नक्की माहीत नाही, मला जे माहीत आहे ते सांगते आणि उरलेलं कुठे पाहीन तेही सांगते." पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज कापत होता.

कोर्स वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण प्रवेशासाठी असा कोर्स सक्तीचा नसतो, आणि जागेची हमी कोणी देऊ शकत नाही. पैसे भरण्याआधी आपली नेमकी उणीव एका ओळीत लिहा. ती लिहिता येत नसेल, तर तूर्त थांबा. किमान अट एक वर्ष क्रिटिकल केअरच्या अनुभवाची असते, पण सीआरएनए शिकवणाऱ्या प्रत्येक शाळेच्या अटी वेगळ्या, त्या तिच्याच संकेतस्थळावर वाचा. केमिस्ट्रीचे गुण जुने झाले म्हणून कित्येक शाळा तो विषय पुन्हा करायला लावतात; तिथे खर्चलेला पैसा कोर्सपेक्षा जास्त कामी येतो. सीसीआरएन, म्हणजे अतिदक्षता नर्सिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्या. दोन वर्षांत १,७५० तास अतिगंभीर रुग्णांची थेट सेवा झाली असेल तर बसता येतं. एखाद्या सीआरएनएबरोबर दिवसभर ऑपरेशन थिएटरात उभं राहून काम बघा. 'डायव्हर्सिटी इन नर्स ॲनेस्थेशिया मेंटॉरशिप प्रोग्रॅम'सारखे उपक्रम परदेशातून आलेल्यांना विशेष उपयोगी वाटतात, कारण तिथे या वाटेने गेलेली माणसं प्रत्यक्ष भेटतात. इंटरव्ह्यूच्या सरावासाठी कोर्स लावायचाच, तर तो अर्ज पाठवल्यानंतर लावा. हा क्रम मी आग्रहाने सांगते.

तिने तिसरा कोर्स घेतला नाही. केमिस्ट्री पुन्हा केली, दोन शाळांत अर्ज टाकले. एकीकडे वेटिंग लिस्टवर आहे. दुसरीकडचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे, आणि त्याचा सराव ती हॉस्पिटलमधल्याच एका सीआरएनएसमोर बसून करते आहे.