ब्लू टिक पाहून जीव खालीवर होत असेल तर

‘वाचलं, पण उत्तर नाही’ हे दिसलं की दिवसभर मन कशात लागत नाही, असं होत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट बंद करा. मग तुम्हालाही समोरच्याची ब्लू टिक दिसणार नाही, आणि खरा आराम त्यातच आहे. ग्रुप आणि व्हॉइस मेसेजला मात्र ही सोय लागू नाही.

‘लास्ट सीन’ आणि ‘ऑनलाइन’ त्याच पानावर आहेत. दोन्ही लपवा. एकच लपवलं तर ‘रात्री १ वाजता जागा आहे, मग मला उत्तर का नाही?’ हा घोळ डोक्यात तसाच राहतो.

नातेवाइकांचा ग्रुप घाईने सोडू नका. बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण गेल्या ६० दिवसांत कोण गेलं ती यादी सगळ्यांना उघडता येते, आणि मग पुढच्या लग्नात विचारणा ठरलेली. त्यापेक्षा म्यूट करा. ८ तास किंवा आठवडा नको, ‘नेहमी’ निवडा. नंतर अर्काइव्ह करा. कुणी तुमचा उल्लेख केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच फोन वाजेल.

रागात काही पाठवलंत तर १५ मिनिटांत एडिट करता येतं, पण ‘एडिटेड’ अशी खूण उरते. समोरच्याने आधीच वाचलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. सरळ फोन लावा.