सॉविनचं ताट आणि बांगडा

"सणासुदीला घरात असून नसल्यासारखी असते आणि भलत्याच रात्री खोली बंद करून मेणबत्त्या लावते. डोक्यात काही झालंय का हो हिच्या?" असं मला, समुपदेशक म्हणून, आईवडील विचारतात. तीच मुलं एकटी भेटली की म्हणतात, "आपल्या सणांत मला काहीच वाटत नाही, बाहेरचं काहीतरी केलं की बरं वाटतं. हे नाटक आहे का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच घराच्या गोष्टीत आहे, म्हणून ती सांगते. घर मालवण तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. मायलेकींनी लिहायला होकार दिलाय. ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत.

आई आधी एकटीच आली. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. "मॅडम, चेडवाक माज्या कायतरी लागलासा वाटता. रातचा दार लावन बसता, मेणबत्ती पेटयता, कागद जाळता. खिडकीत ताट ठेवता, तेच्यात पाव नि सफरचंद. कोणासाठी, इचारला तर सांगना नाय." शेजारणीने करणीचा संशय घातला होता. भावकीतल्या एकाने भगताचं नाव सुचवलं होतं. देवळात गाऱ्हाणं घालून झालं होतं. गाऱ्हाण्याला माझी कधीच हरकत नसते. चार माणसांसमोर आपलं दुखणं मोठ्याने बोललं जातं आणि सगळे "व्हय महाराजा" म्हणतात, यात वाईट काय? भगताचं मात्र वेगळं. अंगात भूत आहे म्हणून कोणी मारहाण करू लागला किंवा डॉक्टरकडे जायला अडवू लागला, तर 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, एवढं मी आईला स्पष्ट सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. वय पंचविशीच्या आसपास. डब्लिनला शिकत असताना, जूनच्या पहिल्या आठवड्यात वडील गेले. होड्या नुकत्याच वर ओढल्या होत्या. ही पोचली तोवर सगळं उरकलं होतं. दिवसकार्य झालं, महिन्याने ती परत गेली. ऑक्टोबरअखेर तिथल्या मैत्रिणींनी तिला सॉविनला बोलावलं. आयर्लंडचा हा फार जुना सण. 31 ऑक्टोबरची संध्याकाळ ते 1 नोव्हेंबर. सुगी संपून वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू होतो, आणि त्या रात्री गेलेली माणसं जवळ येतात अशी समजूत आहे. हॅलोविनची मुळं यातच सांगतात. आजचे पेगन, म्हणजे निसर्गपूजक, त्या रात्री मृतांसाठी एक पान वाढून ठेवतात. काही ठिकाणी जेवताना कोणी बोलत नाही. हिने वडिलांचं पान वाढलं आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. वर्षभराने गावी परतल्यावर तिने तेच केलं. त्याचाच हा गवगवा.

अशा वेळी मी आधी सणाबद्दल काही विचारत नाही. झोप लागते का, जेवण जातं का, काम होतं का, दारू किती, जीव द्यावासा वाटतो का? वडील खरोखर येऊन बोलतात असं वाटतं का? ती हसून म्हणाली, "नाही हो मॅडम. ते गेलेत हे मला माहितीये. म्हणून तर ताट ठेवते." झोप ठीक, काम चालू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11मध्ये, 'लांबलेला शोक' हे निदान आहे. त्यासाठी किमान सहा महिने उलटलेले असावे लागतात. शिवाय तो शोक त्या माणसाच्या समाजात-संस्कृतीत स्वाभाविक मानतात त्याच्या फार पलीकडचा आणि रोजचं जगणं अडवणारा असावा लागतो. इथे तसं नव्हतं. इथे एक दुःख होतं, ज्याला घरात बसायला जागा मिळाली नव्हती.

आणि जागा का मिळाली नव्हती, हे मला तिच्या एका वाक्यातून कळलं. पितृपक्षात वडिलांचा म्हाळ झाला, तेव्हा ती घरीच होती. मी विचारलं, तू काय केलंस त्या दिवशी? "मी? मी वडे तळत होते." तर्पण काकांनी केलं, पिंड चुलतभावाने ठेवले, कावळ्याला पान त्यानेच दिलं. गणपती आणि गौर भावकीच्या घरी. म्हणजे आपल्या सणांत ती बघी होती आणि परक्या सणात तिच्या हाताला काम होतं. ताट तिने स्वतः मांडलेलं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. सण कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, यावर लोक माझ्याशी तासन्‌तास वाद घालतात. मी एवढंच विचारते की दुःख कोणाचं आहे, आणि विधीत हात कोणाचे चालतात?

तिने मला तिचं 'वर्षाचं चक्र' दाखवलं. सुंदर वही होती, जलरंगातली. आठ सण: दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन संपात (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस) आणि त्यांच्या मधले चार. सॉविन, फेब्रुवारीतला इमबोल्क, मेमधला बेल्टन आणि ऑगस्टमधला लूनसा. हे चार मधले सण खरोखर जुने, आयरिश. यातल्या इमबोल्कच्या दिवशी येणाऱ्या संत ब्रिजिडच्या सणाला आयर्लंडने 2023पासून सार्वजनिक सुट्टीही दिली आहे. पण आठही एका चक्रात ओवले गेले ते ब्रिटनमध्ये, 1950च्या दशकाच्या सुमाराला, आधुनिक पेगन पंथांचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स यांच्या वर्तुळांत. तिला हे माहीत होतं आणि त्याचंच तिला खुपत होतं. "म्हणजे हे सगळं कोणीतरी बसून जुळवलेलंच ना?" मी म्हटलं, जुळवलेलं असू दे की. तुलाही जुळवायला मोकळीक आहे, हाच त्यातला फायदा.

कारण वहीत एक गफलत होती. 21 डिसेंबरला तिने यूल, म्हणजे सर्वांत लहान दिवसाचा सण, रंगवला होता: काळं आभाळ, बर्फ, एक मिणमिणती ज्योत. त्या दिवशी डब्लिनला उजेड जेमतेम साडेसात तास असतो. आपल्याकडे तो अकरा तासांच्या आसपास असतो, आणि डिसेंबरात कलमांना मोहोर धरायला लागलेला असतो. अंगणात ऊन, उडव्या रचलेल्या, आणि ही खोलीत पडदे ओढून काळोख साजरा करणार! ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधले बरेच पेगन हे चक्र सरळ सहा महिन्यांनी फिरवून घेतात, कारण त्यांचा हिवाळा जून-जुलैत. मग मी विचारलं, तुझ्या घरात काळोख कधी असतो?

उत्तराला वेळ लागला नाही. "आषाढात." पहिल्या जूनला मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत. समुद्र खवळलेला, वीज दिवसदिवस गायब, बापाची होडी माडाच्या झापांखाली झाकलेली. वडील गेले तेही याच दिवसांत. तिचा खरा सॉविन तिथे होता, ऑक्टोबरात नव्हता.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही नवं चक्र काढलं. मी फक्त प्रश्न विचारले, कागद-रंग तिचे. बंदीचे दिवस आठवणींचे. त्यात सलग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, वडिलांबद्दल मनात येईल ते लिहायचं, शुद्धलेखन न बघता. ही रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1980च्या दशकात अभ्यासली. जादू नव्हे, फरक माफकच पडतो, आणि माणूस नुकतंच गेलं असेल तर मी ती सुचवत नाही. लिहिलेलं परत वाचायची सक्ती नाही, जाळलं तरी चालतं. नारळी पौर्णिमेला लिहिणं बंद. नारळ समुद्राला दिला की बाहेर पडायचं, माणसांत जायचं. ही एक अट मी कायम घालते: सणाला शेवट हवा. रोजच मेणबत्ती लागू लागली, आठवड्याचे आठवडे खोली बंद राहू लागली किंवा गोळ्या सोडून विधी सुरू झाले, तर तो सण राहिला नाही. मग मी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी देते.

नव्याच्या पौर्णिमेला दारावर नवं बांधायचं काम तिने मागून घेतलं. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूची फुलं. पूर्वी ते वडील बांधायचे. काका काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना आधीच कोणी विचारलं असतं तर ते आधीच हो म्हणाले असते. म्हाळाचं मात्र अजून अडलंय.

दिवाळीची पहाट तिने मला नंतर सांगितली. आमच्याकडे नरकचतुर्दशीला अभ्यंगानंतर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचं बी जिभेला लावतात. ज्याने चाखलंय त्यालाच ठाऊक, कसलं कडूजहर असतं ते! लहानपणी ही पळायची आणि वडील पकडून बळंच जिभेला लावायचे. यंदा तिने आपणहून लावलं. आई बाजूला पोह्यांचं भांडं घेऊन उभी. कडू उतरेना, तोंड वेडंवाकडं झालं, हसता हसता ती रडायला लागली, आणि आई ओरडली, "थुकू नको, थुकू नको, बापूस रागावतलो!" दोघी मग पायरीवर बसून राहिल्या. पोहे गार झाले.

आईचं दुःख मी एवढा वेळ बाजूला ठेवलं, तसंच ते घरातही बाजूला पडलं होतं. मुलीला निदान परका सण तरी सापडला. हिला काय? गौरीच्या ओवशाच्या सुपाला हात लावायचा नाही, हळदीकुंकवाला बोलावणं नाही. 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आमच्या बाजूला अजून बायका दारातच थबकतात. मी तिला विचारलं, आषाढात तुम्ही काय करणार? लिहिणं-बिहिणं नको म्हणाली. मग कपाटातले नवऱ्याचे शर्ट काढले आणि वाकळ शिवायला घेतली. एका खिशात डिझेलची पावती निघाली. ती तिने फेकली नाही, खिसाच आख्खा वाकळीत शिवला, पावतीसकट.

त्यावर मी काही भाष्य केलं नाही, करायचं नसतं.

ताटाचा वाद मात्र सुटला तो माझ्यामुळे नाही. मुलीने 31 ऑक्टोबरचं ताट जूनमध्ये, वडिलांच्या तारखेला आणलं. पाव, सफरचंद, मेणबत्ती, सगळं तसंच. आईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "बापाशीन तुझ्या जन्मात कधी पाव खाल्ल्यान? तेका बांगडो व्हयो." बंदीच्या दिवसांत ताजा बांगडा कुठला! फडताळातला सुका बांगडा काढला, निखाऱ्यावर भाजला, वर खोबरेल सोडलं. खिडकीतलं ताट उचलून पडवीत आणलं, कारण वडील पडवीतच जेवायचे. शेजारीण डोकावली, तर आईनेच तिला सांगितलं, हेंचा पान वाढलासा. करणीची कुजबुज तिथेच विरली म्हणे. उघड्यावर, ओळखीचा वास सुटलेल्या ताटाची कोणाला भीती वाटणार?

तुमच्या घरी असं कोणी असेल तर दार ठोठावण्याआधी एक बघा, त्या माणसाला घरच्या सणात करायला काय दिलं जातं. निवडायला तांदूळ आणि तळायला वडे एवढंच मिळत असेल, तर त्याने परकी मेणबत्ती शोधली यात नवल नाही. आणि स्वतःसाठी असं काही सुरू करायचं असेल, तर खिडकीबाहेरचा ऋतू आधी बघा. पंचांग कुठलं ते मागाहून ठरवा. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर मात्र सणाची वाट बघू नका. 14416 ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीअपरात्रीही.

या मायलेकींच्या भेटी आता थांबल्यात. शेवटच्या भेटीत एकच तंटा उरला होता, कागद जाळण्याचा. आईचं म्हणणं, "जाळूचा ता दिवसाढवळ्या जाळ. रातचा नको, लोक बघतत." मुलीला रात्रच हवी होती. शेवटी न्हाणीतल्या चुलीवर तोड निघाली: पहाटे आंघोळीचं पाणी तापवताना. आईने वर आणखी एक अट घातली, वहीचे गुळगुळीत कागद नकोत, त्यांचा धूर डोळ्यांत जातो.